शाळेनंतरचे आयुष्य: विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेची शेवटची वर्षे जवळ आली की पालकांच्या आणि शिक्षकांच्या मनात जे प्रश्न दाटून येतात, त्यांपैकी वारंवार समोर येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. या सर्व उत्तरांमागची एक धारणा आधीच सांगितलेली बरी. ‘तो तयार झाला की संधी देऊ’ असे म्हणत आपण थांबलो तर ती तयारी कधीच पुरी होत नाही. संधी आधी द्यावी लागते आणि तयारी तिच्यातूनच होत जाते. कायदे, भत्ते आणि सोयी देशोदेशी वेगळ्या असतात, म्हणून येथे भर आहे तो कोणत्याही घराला आणि शाळेला उपयोगी पडतील अशा गोष्टींवर.

विकासात्मक दिव्यांगत्वात नेमके काय काय येते?

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम, फ्रॅजाइल एक्स सिंड्रोम अशा ज्या अवस्था जन्मतः किंवा वाढीच्या वयात सुरू होतात आणि बहुधा आयुष्यभर सोबत राहतात, त्यांना मिळून हे नाव आहे. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या व्याख्येत ‘अठराव्या वर्षापूर्वी सुरू झालेले’ अशी अट अनेक वर्षे होती. या विषयातील अमेरिकी व्यावसायिक संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा २२ वर्षांपर्यंत नेली, कारण मेंदूची वाढ अठराव्या वर्षी थांबत नाही. मात्र निदानाच्या नावावरून एखाद्या तरुणाला कोणत्या कामात किती मदत लागेल हे फारसे कळत नाही. तेच निदान असलेल्या दोघांपैकी एक जण एकट्याने प्रवास करत असतो, तर दुसऱ्याला कपडे बदलतानाही हात द्यावा लागतो.

हा टप्पा इतका अवघड का जातो?

शाळा एकाच छपराखाली किती गोष्टी देते हे ती संपल्यावर लक्षात येते. शिकवणारी माणसे, वाचा-उपचार, व्यायामोपचार, येण्याजाण्याची सोय, मित्र, सकाळी उठून कुठेतरी जाण्याचे कारण, आणि पालकांना स्वतःच्या कामासाठी मिळणारे काही तास हे सगळे तेथे एकत्र असते. शाळा सुटली की त्यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या दारावर जाऊन मिळवावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी शिक्षण हा मुलाचा हक्क असतो, तर प्रौढांसाठीच्या सेवा पात्रता ठरवून, जागा असेल तर आणि प्रतीक्षायादीतून मिळतात. त्याच सुमारास बालरोगतज्ज्ञही सुटतात आणि कायद्याच्या नजरेत मूल प्रौढ होते. इतके बदल अशा विद्यार्थ्यावर एकाच वेळी येतात, ज्याला एकेक बदल पचवायलाच इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो.

तयारी कोणत्या वयापासून सुरू करावी?

आखीव स्वरूपात सुमारे चौदाव्या वर्षापासून. अमेरिकेच्या शिक्षणविषयक कायद्यात शाळेनंतरच्या आयुष्याच्या तयारीच्या आराखड्याची सक्ती १९९० मध्ये सोळाव्या वर्षापासून आली, १९९७ मध्ये ती चौदावर आणली गेली आणि २००४ मध्ये पुन्हा सोळावर गेली. कायद्याचे काहीही होवो, सोळा हे वय मला उशिराचे वाटते. एक साधा हिशेब करून पाहावा. बस ओळखून तिने जाण्यासारखे एक कौशल्य पक्के व्हायला सहा महिने ते वर्ष सहज लागते, आणि प्रौढ आयुष्याला अशी डझनभर कौशल्ये लागतात.

अनौपचारिक तयारी मात्र त्याहून फार आधी सुरू होते. चार वर्षांच्या मुलापुढे दोन सदरे धरून ‘यांतला कोणता घालायचा?’ असे विचारणे आणि त्याने दाखवलेलाच घालणे, हीदेखील तयारीच आहे. ज्याने वीस वर्षे स्वतः काही निवडलेले नाही, त्याला एकविसाव्या वर्षी ‘तुला कोणते काम आवडेल?’ असे विचारले तर तो विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून अपेक्षित उत्तर शोधतो.

नियोजनाच्या बैठकीत विद्यार्थ्याला बसवावे का? त्याला बोलता येत नाही.

बसवावे. बैठक त्याच्या आयुष्याविषयी आहे. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या आणि ३ मे २००८ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारनाम्याचा पायाच असा आहे की दिव्यांग व्यक्तींविषयीचे निर्णय त्यांना वगळून घेतले जाऊ नयेत.

बोलता न येणे आणि सांगण्यासारखे काही नसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रफलक, छायाचित्रे, टॅबलेटवरील संवादाचे ॲप, खुणा यांपैकी जे माध्यम तो रोज वापरतो ते बैठकीतही त्याच्यापुढे असावे. ज्यांना चित्रांतूनही निवड दाखवता येत नाही, त्यांच्या बाबतीत निरीक्षण हीच त्यांची भाषा मानावी लागते: कोणत्या ठिकाणी तो रमतो, कुठे कान झाकून घेतो, कोणत्या माणसाजवळ शांत होतो, दिवसाच्या कोणत्या वेळी ताजातवाना असतो. अशा क्षणांचे तीन-चार मिनिटांचे चित्रीकरण बैठकीत दाखवले की चर्चेचा सूरच पालटतो, कारण तोवर अहवालातील उणिवांविषयी बोलणारी माणसे समोर दिसणाऱ्या माणसाविषयी बोलू लागतात.

बैठकीची रीत म्हणून कॅनडात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला विकसित झालेली एक पद्धत उपयोगी आहे. तिच्यात भिंतीवर मोठा कागद लावतात आणि उजव्या टोकाला आधी त्या व्यक्तीचे स्वप्न रेखाटतात. मग ते स्वप्न खरे व्हायचे तर वर्षभराने काय झालेले असायला हवे, त्यासाठी सहा महिन्यांत काय आणि या महिन्यात कोणी काय करायचे, असे उलट क्रमाने आजपर्यंत येतात. स्वप्न अवास्तव वाटले तरी खोडू नये. ‘मला वैमानिक व्हायचे आहे’ या वाक्यात गणवेश, विमानतळाची गजबज किंवा प्रवास यांपैकी नेमके काय हवे आहे ते शोधले, तर गाठता येईल असे काम पुष्कळदा तिथेच सापडते.

‘याचे मानसिक वय पाच वर्षांचे आहे’ असे सांगितले आहे. मग प्रौढपणाचा विचार कशाला?

मानसिक वय हा चाचणीतील गुणांचा एक आकडा आहे, माणसाचे वर्णन नव्हे. वीस वर्षांच्या तरुणाला वीस वर्षांचे शरीर आहे, वीस वर्षांचा अनुभव आहे आणि पाच वर्षांच्या मुलाला नसलेल्या इच्छा आहेत. त्याच्याशी बोबडे बोलणे, त्याला बालगीते ऐकवणे, पाहुण्यांसमोर ‘आमचं बाळ’ म्हणणे यांतून आजूबाजूची माणसे त्याला कसे वागवायचे ते शिकतात आणि तसेच वागवतात.

शेवटच्या वर्षांत वाचन-गणित चालू ठेवावे की जीवनकौशल्यांवर भर द्यावा?

ज्याचे वाचन अजून पुढे सरकते आहे, त्याचे ते सोळाव्या वर्षी बंद करू नये. या वयातही वाचनात प्रगती होते. मात्र सात वर्षे हातच्याच्या वजाबाकीवर अडलेल्या विद्यार्थ्याच्या हाती कॅल्क्युलेटर द्यावा आणि वाचलेला वेळ स्वतःचा दिवस स्वतः चालवण्याच्या कौशल्यांना द्यावा. प्रत्येक पाठापुढे एकच प्रश्न ठेवावा: हे याला आले नाही, तर त्याच्यासाठी ते दुसऱ्या कोणाला करावे लागेल का? दाढी करणे, मासिक पाळीची स्वच्छता, औषधाची वेळ पाळणे, पैसे मोजून देणे, फोनवर मदत मागणे यांचे उत्तर ‘होय’ असे येते. ढगांचे प्रकार पाठ करण्याचे तसे येत नाही.

शिकवण्याची पद्धत इथे निर्णायक ठरते. काम आधी स्वतः करून पाहावे आणि त्याच्या बारीक पायऱ्या लिहून काढाव्यात. हात धुण्यासारख्या कामाच्याही दहा-बारा पायऱ्या निघतात. पुष्कळदा शेवटची पायरी आधी शिकवणे सोयीचे जाते: बाकी सगळे आपण करून द्यायचे आणि अखेरची पायरी त्याने करायची, मग अखेरच्या दोन, मग तीन. यामुळे काम पुरे केल्याचे समाधान पहिल्या दिवसापासून त्याच्या वाट्याला येते. मदत देताना आधी थांबावे, मग खूण करावी, मग शब्दांनी सांगावे आणि सर्वांत शेवटी हात धरावा. आपल्याकडून बहुधा याच्या उलट होते. आपण घाईत असतो आणि हात आधीच पुढे गेलेला असतो. दिलेली प्रत्येक मदत कशी काढून घ्यायची हे सुरुवातीलाच ठरवले नाही, तर विद्यार्थी काम शिकण्याऐवजी सूचनेची वाट पाहायला शिकतो.

दुसरी अडचण अशी की वर्गात आलेली गोष्ट बाहेर आपोआप येत नाही. अनेक वर्षे मी खेळण्यातील नाणी वापरून व्यवहार शिकवला. माझे विद्यार्थी वर्गात चुकत नसत; खऱ्या दुकानात, मागे रांग ताटकळत उभी असताना, त्यांना हात खिशात घालणेही सुचत नसे. चूक शिकवणीच्या जागेची होती. तेव्हापासून जे कौशल्य जिथे वापरायचे तिथेच ते शिकवावे, आणि एकाहून अधिक ठिकाणी, एकाहून अधिक माणसांबरोबर शिकवावे, हा नियम मी पाळत आले आहे.

त्याला नोकरी करता येईल का?

हा प्रश्न ‘कोणत्या आधाराने आणि कोणते काम?’ असा विचारला तर उत्तर शोधता येते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील संशोधक मार्क गोल्ड यांनी बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींना पंधरा सुट्या भागांचा सायकलचा ब्रेक आणि पुढे चोवीस भागांचा ब्रेक जोडायला शिकवले. ज्यांच्याकडून फारशी कोणी अपेक्षा ठेवत नव्हते अशी ही माणसे होती. भागांची कोणती बाजू वर यायची ते कळावे म्हणून एका बाजूला रंग लावणे, यासारख्या साध्या युक्तीने शिकण्याचा वेग वाढतो हेही त्यांनी दाखवले. शिकणारा शिकत नसेल तर शिकवण्याची रीत बदला, हा त्यांचा आग्रह आजही तितकाच खरा आहे.

पुढे १९८० च्या दशकात ‘आधारासह नोकरी’ ही पद्धत रुजली. तोवरचा क्रम असा होता की आधी प्रशिक्षण आणि मग जमलेच तर नोकरी. त्यामुळे माणसे प्रशिक्षणातच म्हातारी होत. नव्या पद्धतीने हा क्रम उलटा केला: आधी खऱ्या जागी खरे काम, मग तिथेच जॉब कोचच्या, म्हणजे कामाच्या जागी सोबत राहून शिकवणाऱ्या माणसाच्या, मदतीने शिकणे आणि कोचने हळूहळू मागे सरणे. यातला सर्वांत कसबाचा भाग काम शोधण्याचा असतो. जाहिरातीतील पद एकसंध असते आणि त्यातील पाच कामांपैकी दोनच आपल्या विद्यार्थ्याला जमतात. अशा वेळी त्या आस्थापनेत हिंडून, सगळ्यांची जी कामे मागे पडतात ती हेरून, त्यांचे मिळून एक नवे पद मालकासमोर मांडावे लागते. अमेरिकेतील सिनसिनाटी शहराच्या बालरुग्णालयात १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट सर्च’ या उपक्रमाचा उगम असाच आहे. आपत्कालीन विभागात साहित्य भरून ठेवण्याच्या कामावर माणसे टिकत नव्हती, आणि ठरलेल्या क्रमाने नीट चालणारे हे काम विकासात्मक दिव्यांगत्व असलेले तरुण उत्तम करतील असे विभागप्रमुखांना सुचले. त्या धर्तीवरील उपक्रमांत विद्यार्थी शाळेचे शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाच्या जागीच घालवतात आणि वर्षभरात साधारण तीन वेगवेगळ्या विभागांत काम करून पाहतात.

शाळेत असतानाच खऱ्या कामाचा, शक्यतो मोबदल्यासह, अनुभव मिळालेल्या विद्यार्थ्यांना पुढे नोकरी मिळण्याची शक्यता अधिक असते, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसले आहे. पालकांची अपेक्षाही तितकीच बोलते: मूल कमावेल असे धरून चालणाऱ्या घरांतील मुले अधिक प्रमाणात कमावती होतात.

संरक्षित कार्यशाळेत पाठवणे चुकीचे आहे का?

संरक्षित कार्यशाळा म्हणजे केवळ दिव्यांग व्यक्तींसाठी वेगळी चालवलेली कामाची जागा. पालकांना ती सुरक्षित वाटते, मित्र भेटतात, दिवस जातो. हे सगळे खरे आहे आणि ज्यांनी हा मार्ग निवडला त्यांना मी दोष देणार नाही. परंतु तिथून खुल्या नोकरीकडे जाणारे फार थोडे असतात, मोबदला बहुधा नाममात्र असतो आणि संपूर्ण आयुष्य केवळ दिव्यांगांमध्ये जाते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०२२ मध्ये कामाच्या हक्काविषयी भाष्य करताना अशा वेगळ्या काढलेल्या रोजगाराला या हक्काची पूर्तता मानता येणार नाही असे स्पष्ट केले. कार्यशाळा निवडायचीच असेल तर तिच्या चालकांना इतकेच विचारावे, की गेल्या तीन वर्षांत येथून किती जण बाहेर नोकरीला लागले.

अठरा पूर्ण झाल्यावर निर्णय कोणी घ्यायचे?

अनेक ठिकाणी पालकांना सरसकट कायदेशीर पालकत्व, म्हणजे प्रौढ मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार, घेण्याचा सल्ला मिळतो आणि तो काळजीपोटीच दिलेला असतो. पालकत्वामुळे बँकेचे काम सोपे होते. पण कित्येक ठिकाणी त्या तरुणाचा स्वतःच्या नावाने करार करण्याचा, लग्नाचा, कधी मतदानाचाही अधिकार जातो, आणि एकदा गेलेला अधिकार परत मिळवणे कठीण असते. आधी उल्लेख केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्याचे बारावे कलम दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता असल्याचे मान्य करते आणि ती वापरण्यासाठी लागणारा आधार देण्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकते. पेरू देशाने २०१८ मध्ये आपल्या कायद्यात बदल करून दिव्यांग प्रौढांवरील पालकत्वाची जुनी व्यवस्था काढून टाकली आणि तिच्या जागी आधारासह निर्णयाची, म्हणजे मदत घेऊन निर्णय त्या व्यक्तीनेच घेण्याची, तरतूद आणली.

घरच्या पातळीवर याचा अर्थ असा की एकेक विषय वेगळा काढून पाहावा. रोजच्या खर्चाचा निर्णय तो स्वतः घेऊ शकेल, शस्त्रक्रियेविषयी समजावून सांगणारे माणूस लागेल, मालमत्तेच्या व्यवहारात दोघांची सही लागेल. जेवढ्या विषयात गरज आहे तेवढ्याच विषयात मदत घ्यावी, आणि पालकत्वाकडे वळण्यापूर्वी मुखत्यारपत्र, संयुक्त खाते यांसारखे सौम्य पर्याय आपल्या कायद्यात आहेत का ते वकिलाला विचारावे.

एकट्याला बाहेर पाठवायची भीती वाटते.

ती वाटणारच. १९७२ मध्ये बौद्धिक दिव्यांगत्वाविषयी लिहिणारे अमेरिकी लेखक रॉबर्ट पर्स्के यांनी ‘जोखमीची प्रतिष्ठा’ ही कल्पना मांडली: सर्व जोखमींपासून जपलेल्या माणसाचे माणूसपण त्या जपणुकीतच घुसमटते. याचा अर्थ त्याला वाऱ्यावर सोडणे असा नव्हे. आधी सोबत जावे, मग दहा पावले मागे राहावे, मग एका थांब्यावर सोडून पुढच्या थांब्यावर उभे राहावे, मग फोनवर राहावे. आणि चुकण्याचा सराव मुद्दाम करून घ्यावा: चुकीच्या थांब्यावर उतरल्यास काय करायचे, फोन बंद पडला तर ओळखपत्र कोणाला दाखवायचे. ज्याला हरवल्यावर काय करायचे ते ठाऊक आहे, तो कधीच न हरवलेल्यापेक्षा अधिक सुरक्षित असतो.

लैंगिक शिक्षण द्यावे का? त्यामुळे नको ते कुतूहल जागे होणार नाही का?

द्यावे, आणि वयात येण्याच्या आधीपासून द्यावे. शरीर बदलते तेव्हा कुतूहल जागे होतेच; शिक्षण न दिल्याने केवळ शब्द मिळत नाहीत, आणि शब्द नसलेला माणूस आपल्यावर झालेला अत्याचार सांगू शकत नाही. विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या मुलामुलींवर लैंगिक अत्याचार होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच अधिक असतो आणि अत्याचार करणारी व्यक्ती बहुधा ओळखीची असते.

अवयवांची खरी नावे, खासगी जागा कोणत्या, खासगी कृती कुठे करायच्या, कोणाला मिठी मारायची आणि कोणाला केवळ हात हलवून निरोप द्यायचा, हे चित्रांसह आणि ठाम शब्दांत शिकवावे. याहून कठीण भाग आपल्यासाठी आहे. आपण या मुलांना वर्षानुवर्षे ‘सांगितलेले ऐक’ एवढेच शिकवतो आणि निमूटपणे ऐकल्याबद्दल शाबासकी देतो. मोठ्यांचे सगळे ऐकणारे मूल वाईट हेतूच्या माणसाचेही ऐकते. म्हणून ‘नाही’ म्हणता येणे हे शिकवायचे कौशल्य आहे, आणि त्याने घरात ते वापरले, एखादा पदार्थ किंवा मिठी नाकारली, तर आपल्याला तो नकार मान्य करावा लागेल. प्रेम, सहवास आणि लग्न यांची इच्छाही या तरुणांना असते. तिच्याविषयी बोलायला घरात किंवा शाळेत निदान एक तरी माणूस असावे.

आरोग्याच्या बाबतीत काय सांभाळावे?

मुलांच्या डॉक्टरांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जाणे अचानक होऊ नये. काही महिने दोघांचाही सल्ला चालू असावा. एका पानावर निदान, औषधे व मात्रा, ॲलर्जी, झटक्यांचा इतिहास, वेदना झाल्यास तो कशी दाखवतो आणि कशाने घाबरतो, एवढे लिहून ते कायम सोबत ठेवावे. डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढांच्या थायरॉइडची तपासणी नियमितपणे व्हावी, आणि त्यांना स्मृतिभ्रंश लवकर, पुष्कळदा पन्नाशीतच, सुरू होऊ शकतो हे कुटुंबाला माहीत असावे. स्वमग्न मुलांत अपस्माराचे झटके किशोरवयात प्रथमच दिसू शकतात.

या वयात वर्तन एकाएकी बिघडले, मूल मारू लागले, जेवेनासे झाले किंवा झोप उडाली, तर ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून देऊ नये. दातदुखी, बद्धकोष्ठता, कानातील संसर्ग, पाळीतील वेदना आणि नैराश्य ही कारणे आधी तपासावीत.

शाळा संपून तीन वर्षे झाली, मुलगी घरातच आहे. आता उशीर झाला का?

नाही. शिकलेली कौशल्ये वापरात नसल्याने काही विसरली असतील, पण ती पुन्हा शिकवायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. सुरुवात मोठ्या योजनेने करू नये. तिचा आठवडा कागदावर मांडावा आणि त्यात तीन गोष्टी याव्यात: घराबाहेर जाण्याचे एक ठरलेले कारण, दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडणारे एक काम, आणि घरच्यांखेरीज एका माणसाची भेट. वाचनालयात पुस्तके लावण्याचे आठवड्यातून दोन तास ही उत्तम सुरुवात ठरते. त्याबरोबर आई-वडिलांनी विश्रांतीही आखून घ्यावी. तीन वर्षांत बहुधा तीच सर्वांत मागे पडलेली असते.

भावंडांवर जबाबदारी टाकावी का?

त्यांना विचारावे, गृहीत धरू नये. पैसे, कागदपत्रे आणि डॉक्टर यांची माहिती त्यांना असावी, पण रोजची देखभाल करायची की केवळ भाऊ-बहीण म्हणून राहायचे हे त्यांनी ठरवावे.

आमच्या पश्चात याचे कसे होणार?

बाकी सगळे प्रश्न विचारून झाल्यावर, उठता उठता, पालक हा प्रश्न विचारतात. त्याचे पूर्ण उत्तर कोणाकडेही नसते. पण काही गोष्टी आपल्या हयातीत करून ठेवता येतात आणि त्या टाळल्या की ओझे अखेरीस त्याच्यावरच पडते.

पहिली गोष्ट घराची. आई किंवा वडील गेल्यावर त्याच आठवड्यात अनोळखी जागी हलवले जाणे म्हणजे त्याच्यासाठी दुःख आणि परकेपणा एकदमच. म्हणून दुसरीकडे राहण्याची सवय पालक धडधाकट असतानाच लावावी: आधी नातेवाइकांकडे एक रात्र, मग शनिवार-रविवार, मग दोन आठवडे. कुठे आणि कोणाबरोबर राहायचे हे निवडण्याचा हक्क करारनाम्याच्या एकोणिसाव्या कलमाने त्याला दिला आहे. पुढे तो गटनिवासात राहो, आधारासह स्वतंत्र घरात राहो किंवा भावाच्या शेजारी, त्या जागी तो आधी काही रात्री राहून आलेला असावा.

दुसरी गोष्ट पैशांची. मृत्युपत्र किंवा न्यास करण्यापूर्वी त्याच्या नावावर थेट संपत्ती आल्यास सरकारी साहाय्य बंद होते का, हे आपल्या देशाच्या नियमांनुसार तपासून घ्यावे.

तिसरी गोष्ट माणसांची. पाच-सहा जण असे असावेत की ज्यांपैकी निदान दोघांना त्याच्यासाठी मोबदला मिळत नाही: शेजारी, जुने शिक्षक, चुलत भावंडे, कामावरचा सहकारी. त्यांनी वर्षातून तीन-चारदा त्याच्यासह एकत्र बसावे. पगारी माणसे बदलत राहतात, आणि एखाद्या संस्थेत काही चुकत असेल तर ते प्रथम अशाच कोणाच्या तरी लक्षात येते.

आणि एक वही. तो सकाळी कसा उठतो, कोणत्या कुशीवर झोपतो, रागावला की किती वेळ एकटे सोडायचे, कोणता आवाज सहन होत नाही, ‘ऊं’ म्हणजे तहान आणि ‘ऊंऊं’ म्हणजे कंटाळा, हे सगळे आज केवळ आईच्या डोक्यात असते. ते लिहून ठेवावे, दर वर्षी त्याच्या वाढदिवसाच्या सुमारास त्याच्यासोबत बसून दुरुस्त करावे, आणि त्यातली काही पाने त्याने स्वतः सांगून किंवा चित्रे निवडून भरलेली असावीत.